फोन आपला की कंपनीचा? हप्त्याआधी हिशेब मांडा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न भावाचा असतो. मीटर काय भाव, पूर्ण तागा घेतला तर किती सोडाल, उधारी किती दिवसांची. मोबाईलच्या दुकानात मात्र आजकाल पहिला प्रश्न असतो, "महिन्याला किती भरावे लागतील?" फोनची किंमत काय, हे विचारणारा एखादाच. दुकानदारही हुशार. तो हप्ता मोठ्या अक्षरांत लिहितो आणि किंमत कोपऱ्यात. सुताच्या भावात किलोमागे रुपयाचा फरक पडला तरी सौदा मोडणारी आपली जाणती माणसे फोन घेताना नुसत्या हप्त्यावर मान डोलावून येतात. म्हणून आज सूत-कापड बाजूला ठेवून फोनचा हिशेब मांडतो.

फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. विणकराला डिझाईनचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो. जरीकाम करणारा कारीगर तयार मालाची चित्रे त्याच वाटेने पाठवतो. दुकानाचे पैसे यूपीआयने जमा होतात, बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. शिंप्याची मशीन, सुताराचा रंधा, तसाच हा फोन म्हणजे हत्यार झाला आहे. आणि हत्याराच्या बाबतीत एक जुना प्रश्न असतो. हत्यार आपले आहे की दुसऱ्याचे?

मजुरीचा माग आणि मालकीचा माग

आमच्या मालेगावात काय, भिवंडीत काय, इचलकरंजीत काय, यंत्रमाग चालवणारे दोन प्रकारचे असतात. एक जण स्वतः सूत विकत घेतो, कापड विणतो आणि ज्याच्याकडे भाव चांगला त्याला विकतो. दुसऱ्याला व्यापारी सूत देतो, तो कापड विणून त्याच व्यापाऱ्याला परत करतो आणि ठरलेली मजुरी घेतो. इचलकरंजीकडे याला खर्चीवाला म्हणतात. याला सुतात भांडवल घालावे लागत नाही, सुताचा भाव कोसळला तर त्याची झळ व्यापाऱ्याला, ही सोय लहान नाही. परंतु मजुरीचा दर त्याच्या हातात राहत नाही. त्यातून उचल घेतलेली असेल तर दुसऱ्या व्यापाऱ्याचा दर चांगला असूनही तिकडे जाता येत नाही.

सिमकार्डाच्या कंपनीकडून घेतलेला फोन हा असा मजुरीचा माग आहे. सुरुवातीला पैसे कमी लागतात हे खरे. पण फोनचे पैसे आणि बोलण्याचे पैसे एकाच रकमेत मिसळलेले असतात, आणि मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीचा दर स्वस्त झाला तरी उठून जाता येत नाही. उलट फोन आपला असेल तर सिमकार्ड हे केवळ सूत. आज या पेढीचे, उद्या त्या पेढीचे.

आपल्याकडे हे केव्हापासून?

भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन आपल्या पैशाने घ्यायचा, बोलण्याचेही पैसे आणि दुसऱ्याचा फोन आपल्याला आला तरी त्याचेही पैसे. येणारे फोन फुकट झाले ते मे २००३ पासून. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' नावाची योजना आणली. हातात ५०१ रुपये द्या, फोन घेऊन जा, बाकी दरमहा. आपल्याकडे ज्यांनी तोवर मोबाईलला हात लावला नव्हता अशा कितीतरी लोकांच्या खिशात त्या योजनेने फोन आला, हे कबूल केले पाहिजे.

परंतु तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता. त्यात सिमकार्ड नव्हते, नंबर फोनच्या पोटातच भरलेला असे. म्हणजे कंपनी सोडली की फोनही निकामी आणि नंबरही गेला. पुढे अनेकांची बिले थकली आणि वसुलीचे तगादे लागले. आज ती कंपनीही त्या धंद्यात नाही. अनिल अंबानी यांच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाईलवरील संभाषणाची सेवा बंद केली. बांधलेल्या फोनचा हा एक धोका कोणी लक्षात घेत नाही. आपण हप्ते चुकवणार नाही याची खात्री आपण देऊ शकतो, कंपनी टिकेल याची नाही.

दुसरे उदाहरण श्रीमंतांच्या फोनचे आहे, पण शिकवण त्यात सर्वांसाठी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये अॅपलचा आयफोन ३जी भारतात एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत आला, किंमत ३१ हजार रुपये. अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला मिळतो, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास, असे वर्तमानपत्रांत छापून आले आणि लोक चिडले. आम्हाला लुटले म्हणाले. पण अमेरिकेतील गिऱ्हाईकाला १९९ डॉलरबरोबर एटी अँड टी कंपनीचा दोन वर्षांचा करार करावा लागत होता आणि दरमहा किमान ७० डॉलर भरावे लागत होते. चोवीस महिन्यांचे झाले १६८० डॉलर. सर्व मिळून १८७९ डॉलर, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. त्यात दोन वर्षांचे बोलणे आणि इंटरनेट आले, फुकट काही नव्हते. स्वस्त दिसणारा आकडा हा किमतीचा आकडा नव्हताच, तो बयाणा होता.

त्याच अमेरिकेत मार्च २०१३ मध्ये टी-मोबाईल कंपनीने ही पद्धत मोडली. फोनचे हप्ते वेगळे आणि सेवेचे पैसे वेगळे दाखवायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. गिऱ्हाईकाला प्रथमच कळले की फोनचे पैसे फिटल्यावरही आपण जुनीच रक्कम भरत होतो. आता तिथे नवी युक्ती आहे. फोन 'फुकट' म्हणून देतात, त्याचा हप्ता बिलात लावतात आणि तेवढीच सूट दरमहा बिलात देतात, बहुधा २४ किंवा ३६ महिने. मध्येच कंपनी सोडली की सूट बंद, आणि उरलेली किंमत आपल्या बोकांडी.

आपल्याकडे असे करार फारसे रुजले नाहीत. कारण उघड आहे. आपल्या देशात दहांपैकी नऊंहून अधिक मोबाईल जोडण्या प्रीपेड आहेत. बिलच नाही तर बांधणार कशाला? म्हणून इथल्या कंपन्यांनी गिऱ्हाईकाला रिचार्जने बांधले.

जिओने २०१७ मध्ये जिओफोन आणला. १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केला की अनामत परत. 'फुकट फोन' अशी त्याची ख्याती झाली. अटी वाचणाऱ्यांना मात्र दिसले की दर वर्षी किमान १५०० रुपयांचा रिचार्ज आवश्यक आहे, मुदतीआधी फोन परत दिल्यास अनामतीतून कपात आहे, आणि त्यात जिओशिवाय दुसरे सिम चालत नाही. एअरटेलने त्याच वर्षी कार्बन कंपनीचा स्मार्टफोन आणला आणि जाहिरातीत किंमत सांगितली १३९९ रुपये. प्रत्यक्षात दुकानात द्यायचे २८९९. मग ३६ महिने दरमहा १६९ चा रिचार्ज करायचा, म्हणजे ६०८४ रुपये. दीड वर्षाने ५०० आणि तीन वर्षांनी १००० रुपये परत. वजाबाकी करून गिऱ्हाईकाच्या खिशातून गेले ७४८३. यात फसवणूक नाही, अटी लिहिलेल्या होत्या. पण १३९९ या आकड्याला गिऱ्हाईकाच्या वहीत कुठेच जागा नव्हती.

चार हजारांची उधारी

आता एक हिशेब सविस्तर करू. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळीच्या दिवशी, जिओफोन नेक्स्ट बाजारात आला. रोख किंमत ६४९९ रुपये. ज्याच्याकडे रोख नाही त्याने १९९९ रुपये आणि ५०१ रुपये प्रोसेसिंगचे, मिळून २५०० द्यायचे आणि बाकी हप्त्याने. हप्त्यात फोनही आला आणि रिचार्जही आला. योजना अनेक होत्या. त्यातली रोज दीड जीबी इंटरनेट आणि अमर्याद बोलण्याची घेऊ. २४ महिने दरमहा ४५० रुपये.

चोवीस गुणिले साडेचारशे, १०,८०० रुपये. वर सुरुवातीचे २५००. एकूण १३,३००.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. एखाद्याने ६४९९ रोख देऊन फोन घेतला आणि तेवढ्याच सेवेचा रिचार्ज बाहेरून केला. त्या महिन्यात असा रिचार्ज १९९ रुपयांचा होता, २८ दिवसांचा. (कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो हे विसरू नये. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात.) दोन वर्षांचे २६ रिचार्ज, ५१७४ रुपये. फोन धरून ११,६७३. म्हणजे हप्तेवाल्याने १६२७ रुपये जास्त दिले.

१६२७ म्हणजे फार नाहीत, असे कोणी म्हणेल. पण उधार घेतले होते किती? ६४९९ मधून २५०० रोख दिलेच होते. उधारी अवघी ३९९९ रुपयांची. तीही दर महिन्याला थोडी थोडी फिटत जाणारी. त्यावर दोन वर्षांत १६२७. दरसाल शेकड्याचा दर काढला तर तो ३५ च्या घरात जातो. आपल्या गल्लीतला सावकार इतका दर सांगायला निदान लाजला असता.

गोष्ट इथे संपत नाही. १ डिसेंबर २०२१ पासून कंपनीने रिचार्जचे दर वाढवले. १९९ चा रिचार्ज २३९ ला गेला. नव्या दराने २६ रिचार्जचे होतात ६२१४, फोन धरून १२,७१३. आता हप्तेवाल्याचा जादा खर्च कागदावर ५८७ रुपयेच उरला आणि शेकड्याचा दर १४ च्या आत आला. फोन तोच, हप्ता तोच, गिऱ्हाईक तोच. मग दर खाली आला कसा? कारण रिचार्जची किंमत ठरवणारी कंपनी आणि उधारीची योजना काढणारी कंपनी एकच. एक आकडा वर गेला की दुसरा आपोआप लहान दिसतो. दोन मालांचे मिळून एक गाठोडे बांधले आणि आतल्या एकाचा भाव विकणाराच ठरवीत असेल, तर दुसऱ्याचा खरा भाव घेणाऱ्याला कधीच कळत नाही. आपल्या धंद्यात साडीबरोबर ब्लाऊजपीस 'फुकट' देणाऱ्यांना ही विद्या चांगली अवगत आहे.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की फोनची किंमत आणि सेवेची किंमत वेगवेगळ्या कागदावर लिहून घ्या. दुकानदाराने वेगळी सांगितली नाही, तर बाहेरचा रिचार्ज विचारून आपणच वजाबाकी करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

नंबर हीच खरी पेढी

व्यापाऱ्यासाठी फोनपेक्षा नंबर मोलाचा आहे. वीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईकाने डायरीत लिहून ठेवलेला नंबर, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर, बँकेला जोडलेला नंबर. पूर्वी कंपनी बदलली की तो जात असे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेले तरी ती मिळू लागली. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, पुढे आपला नंबर लिहून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की कोड येतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचे. डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच सर्कलमध्ये हे काम कामकाजाच्या तीन दिवसांत होते.

पण यात पाचर कुठे बसते ते पाहा. कंपनीचे बिल थकलेले असेल किंवा करारात मुदतीचे बंधन असून ते पूर्ण झाले नसेल, तर नंबर हलवता येत नाही. आणि नंबर हलला तरी फोन एकाच कंपनीला कुलूपबंद असेल तर नवे सिम त्यात चालणार नाही. कायद्याने दिलेली मोकळीक आपण सहीने परत देऊन टाकतो. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले, जिओचा २३९ चा रिचार्ज २९९ झाला, तेव्हा अनेकांनी बीएसएनएलकडे नंबर नेले. काहींना तिथे रेंज मिळाली नाही म्हणून ते परतही आले. नव्या कंपनीत ९० दिवस काढावे लागतात, मग पुन्हा हलता येते. जाणे-येणे ज्यांचा फोन मोकळा होता त्यांनाच जमले.

परदेशातून आलेल्या फोनबाबतही हेच कुलूप आडवे येते. अमेरिकेत कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन पाहुण्याने प्रेमाने आणून दिला, तर हप्ते पूर्ण फिटून कुलूप उघडलेले आहे का, हे आधी विचारावे. नाही तर तो इथे नुसता फोटो काढण्याच्या कामाचा. शिवाय आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेतील आयफोनमध्ये सिमकार्ड घालायला जागाच नाही, ई-सिम घ्यावे लागते. २०२५ च्या आयफोन १७ पासून सौदी, अमिरात, कुवेत, कतर अशा आखाती देशांतही तसेच झाले आहे. आपली मुले तिकडून फोन पाठवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ई-सिम इथल्या खासगी कंपन्या देतात, पण जुन्या फोनमधून सिम काढून नव्यात टाकण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

'बिनव्याजी' हप्त्याचे काय?

सिमकार्डाच्या कंपनीऐवजी फायनान्स कंपनीकडून हप्ता करणे हा आता अधिक चालणारा मार्ग आहे. यात फोन कुठल्याही सिमला मोकळा असतो, हा फायदा. पण 'शून्य टक्के व्याज' हे शब्द जपून ऐकावेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठे तरी असतेच. कधी ते प्रोसेसिंग फीच्या नावाने येते, कधी रोखीच्या गिऱ्हाईकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारून वसूल होते, तर कधी फोन बनवणारी कंपनी ते सोसते. रोख घेणाऱ्याला काय सुटेल, हे दुकानात पहिल्यांदा विचारावे आणि हप्त्याचे नाव त्यानंतर काढावे. क्रम उलटा केला की सूट गायब होते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँक किंवा फायनान्स कंपनीला अशा प्रत्येक नव्या कर्जाबरोबर एक तक्ता द्यावा लागतो. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. बहुतेक वेळा तो मोबाईलवरच पाठवतात आणि आपण न वाचता अंगठा लावतो. उर्दू किंवा मराठीत शिकलेल्या माणसाला इंग्रजी कागद जड जातो, मलाही जातो, पण हा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा असेच आदेशात आहे. मागून घ्यावा.

आपल्या वाचकांसाठी सुदाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. व्यापारी म्हणून व्यवहार कसा घडतो तेवढे सांगतो. दुकानदार स्वतः माल उधारीवर देतो, रोखीपेक्षा भाव जास्त पण एकच आणि आधी ठरलेला, उशीर झाला तरी न वाढणारा, असा सौदा बहुसंख्य फकीहांनी जायज मानला आहे आणि आपल्या बाजारात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मोबाईलच्या हप्त्यात मात्र बहुधा असे नसते. दुकानदाराला पूर्ण पैसे त्याच वेळी मिळतात. आपला करार तिसऱ्याच कंपनीशी असतो, तो मालाचा नव्हे, कर्जाचा असतो, त्यात व्याजाचा दर लिहिलेला असतो आणि हप्ता चुकला की दंड वाढतो. दुकानाच्या फलकावर काय लिहिले आहे ते न सांगता हे कागद घेऊन आपल्या मुफ्ती साहेबांकडे जावे. प्रश्न बरोबर विचारला तर उत्तरही बरोबर मिळेल.

हप्ता थकला तर काय होते, हे तरुण मुलांना फारसे ठाऊक नसते. काही कंपन्या फोनमध्ये असे अॅप बसवून देतात की हप्ता चुकला की फोन कुलूपबंद व्हावा. ज्याची दिवसाची विक्री यूपीआयवर आहे त्याचा फोन बंद म्हणजे दुकान बंद. आणि दुसरी गोष्ट अधिक दूरवर जाणारी. फोनचे आठशे-हजाराचे हप्तेही सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीत जातात. माझ्या ओळखीतील एका शिलाई कारीगराला चार मशिनींसाठी बँकेचे कर्ज नाकारले गेले. कारण विचारले तर निघाला भावाच्या हौसेखातर स्वतःच्या नावावर घेतलेला एक फोन आणि त्याचे थकलेले तीन हप्ते. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर फोन काढून देणे ही आपल्याकडची मोठी बिमारी आहे. भावाला रोख मदत करा, कर्जे हसना द्या, पण सही देऊ नका.

मग कंपनीचा फोन कोणी घ्यावा?

कोणीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसते बोलायला आणि गावाकडच्या नातवाचे तोंड पाहायला फोन हवा असेल, एकाच कंपनीची रेंज गावात येत असेल आणि कंपनी बदलण्याचा प्रश्नच नसेल, तर बांधलेला स्वस्त फोन वाईट नाही. जिओभारत नावाचा साधा फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आला, २८ दिवसांचा रिचार्ज १२३ रुपयांचा. तो जिओशिवाय चालत नाही, पण एवढ्या रकमेत बांधले जाण्याचे दुःख फारसे नाही. ज्याला आजच फोन नसेल तर काम मिळणार नाही आणि हातात दोनच हजार आहेत, त्यालाही उपदेश करून उपयोग नाही. त्याने दीड हजाराचा जादा भार समजून-उमजून उचलावा.

पण दुकानदार, दलाल, कारखानदार, ऑर्डरवर काम करणारा कारीगर, यांनी हत्यार आपल्या मालकीचे ठेवावे. पैसे एकदम निघत नसतील तर आपल्याकडे भिशी आहे, जिला मोहल्ल्यात बी.सी. म्हणतात. दहा जणांची, हजार-हजाराची बी.सी. उचलली की दहा हजारांचा फोन येतो, व्याज कोणाला द्यावे लागत नाही आणि फोनला कुलूपही नसते.

जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी फोन घेताना बिल पेढीच्या नावाने, आपला जीएसटी नंबर घालून घ्यावे. एप्रिल २०२० पासून मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्यात वापरल्या जाणाऱ्या फोनवरचा हा कर नेहमीच्या नोंदणीतील व्यापाऱ्याला वजावट म्हणून मिळतो. करासह ११,८०० च्या फोनमध्ये १८०० रुपये कराचे असतात, हा लहान आकडा नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही सोय नाही. आपल्या सीएला एकदा विचारून घ्यावे.

आणि आपला फोन म्हणजे नवाच फोन असे कोणी सांगितले? जुना घ्यावा, पण पारखून. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत के.वाय.एम. ही तीन अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन कोणत्या बनावटीचा आहे आणि चोरीमुळे बंद केलेला तर नाही, हे कळते. सरकारच्या संचार साथी या सेवेतही हे पाहता येते. आलेले मॉडेल आणि हातातले मॉडेल जुळले नाही तर फोन तिथेच ठेवून निघावे. विकणाऱ्याकडून मूळ बिल मागावे, फोन हप्त्यावर घेतलेला होता का आणि हप्ते फिटल्याचा कागद आहे का ते पाहावे. नाही तर त्याचे कर्ज थकेल आणि कुलूप आपल्या हातातल्या फोनला लागेल. शेवटी आपले सिम घालून पाहावे, एकाच नव्हे तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे. जिओ केवळ ४जी-५जीवर चालत असल्याने जुन्या साध्या फोनमध्ये ते बोलणार नाही. दोन्ही सिमांवर एकेक फोन लावून आवाज ऐकला, चार्जर लावून बॅटरी पाहिली, मगच पैसे मोजावेत.

(लेखक कापड व्यापारी आहेत.)